काचेमागचा ब्राउझर

अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश या सॉफ्टवेअरचा आधार काढून घेतला, तरी संग्रहालयांतले फ्लॅशवर उभारलेले माहिती-किऑस्क त्या दिवशी बंद पडले नाहीत. इंटरनेटपासून तोडलेल्या जुन्या संगणकांवर ते चालू राहू शकत होते, आणि खरी पंचाईत तीच होती. नव्या संशोधनाने शिल्पाचा काळ बदलो की देणगीदाराच्या नावात चूक सापडो, पडद्यावरची ओळ दुरुस्त करणारा माणूसच मिळेनासा झाला. त्याआधी सीडी-रॉमच्या जमान्यात डिरेक्टर या सॉफ्टवेअरमध्ये रचलेल्या मांडण्याही अशाच गेल्या. शेजारच्या पेटीतला ताम्रपट हजार वर्षांनी वाचता येतो आणि त्याची माहिती सांगणारे यंत्र दहा वर्षांत मुके होते. संग्रहालयांतले पडदे रचण्याच्या या कलेचा आढावा घ्यायचा तर चकचकाट बाजूला ठेवून आधी टिकाऊपणा तपासला पाहिजे.

ब्राउझरची सरशी झाली ती याच मुद्द्यावर. एचटीएमएलचे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे साधे पान आजही उघडते. क्रोमियम किऑस्क-मोडमध्ये सुरू केला की पत्त्याची पट्टी, बटणे सगळे नाहीसे होते आणि समोर वेबपान आहे हे पाहुण्याच्या गावीही नसते. मात्र वेबसाइटी करण्यात मुरलेला कारागीर इथे हमखास फसतो. घरी आपण पान पाच मिनिटांत बंद करतो. दालनात तेच पान आठवडेच्या आठवडे उघडे राहते, वापरलेली मेमरी सुटत नाही आणि एखाद्या रविवारी, ऐन गर्दीत, पडदा गोठतो. म्हणून ब्राउझर रोज रात्री बंद करून पुन्हा सुरू करायचा. नेट गेले तरी चित्रे दिसावीत म्हणून ब्राउझरमधल्या सर्व्हिस वर्करकरवी सगळा ऐवज यंत्रातच साठवायचा. कोणी अर्ध्यातून उठून गेले की मिनिटभराने पहिल्या पडद्यावर परतायचे. लहान मुलाने दोन बोटांनी ओढले म्हणून सगळी मांडणी विस्कटता कामा नये. यातले काहीच उद्घाटनाच्या फोटोत येत नाही.

फोटोत उत्तम येणारा नमुना म्हणजे क्लीव्हलँड म्युझियम ऑफ आर्टचे २०१३ सालचे ‘गॅलरी वन’. चाळीस फुटांची टचभिंत आणि तिच्यावर संग्रहातल्या चार हजारांहून अधिक कलाकृती. भिंत देखणी होती यात वाद नाही. तरीही २०१७ मध्ये संग्रहालयाने दालन नव्याने मांडले. भिंत ठेवली, पण बाकीच्या खेळांत काचेला बोट लावण्याऐवजी अंगविक्षेप ओळखणारी प्रक्षेपणे आणली. समोर चित्र असताना माणसे मान खाली घालून पडद्यात रमतात, ही या माध्यमाची जुनी खोड. पैसे खर्चून बांधलेले दालन चार वर्षांत मोडायला जी हिंमत लागते, ती मला त्या भिंतीपेक्षा मोठी वाटते.

न्यू यॉर्कच्या कूपर ह्युइट संग्रहालयाची गोष्ट वेगळी. डिसेंबर २०१४ मध्ये ते पुन्हा उघडले आणि पुढच्या मार्चपासून पाहुण्यांच्या हाती ‘पेन’ आले. वस्तूच्या पाटीला ते टेकवायचे आणि जमवलेले सारे तिकिटावर छापलेल्या वेब-पत्त्यावर घरी जाऊन पाहायचे. चर्चा झाली ती पेनची, पण कर्तबगारी होती संग्रहाच्या नोंदवहीची. टेबलावरचे पडदे, पेन आणि संकेतस्थळ या सगळ्यांना एकाच एपीआयमधून माहिती मिळत होती. साधन बदलले तरी नोंद तीच राहते. मेलबर्नच्या एसीएमआय संग्रहालयाने २०२१ मध्ये हाच विचार पुढे नेला. पेनचे काम करणारी पुठ्ठ्याची एक चकती पाहुण्याला फुकट दिली आणि दालने चालवणाऱ्या ‘एक्सओएस’ प्रणालीतला काही कोड सर्वांसाठी खुला केला. पुठ्ठा आणि खुला कोड! आज या क्षेत्रात मला याहून शहाणी जोडी दिसत नाही.

मराठी मजकुराच्या दृष्टीने ब्राउझरची बाजू आणखी भक्कम आहे. काही गेम इंजिनांत बनवलेल्या किऑस्कवर देवनागरीचे हाल होतात. युनिटीच्या नेहमीच्या मजकूर-साधनात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला पडते आणि रफार सुटा होतो. क्रोमियममध्ये हे जुळवण्याचे काम हार्फबझ ही लायब्ररी करते, तेही निमूटपणे. पानाची भाषा मराठी असल्याची खूण कोडमध्ये केली आणि फॉन्टात सोय असली, तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाने उमटतात. ही खूण एका शब्दाची आहे आणि बहुधा तीच राहून जाते. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे कष्ट मात्र कोणतेही इंजिन वाचवत नाही.

पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी ‘जतन’ ही प्रणाली बनवली आहे आणि देशातल्या राष्ट्रीय संग्रहालयांच्या नोंदी त्यातून एका पोर्टलवर आल्या आहेत. नोंदवही अशी तयार असताना दालनातल्या किऑस्कसाठी तोच मजकूर पुन्हा टंकायला लावणे हा शुद्ध अपव्यय आहे. पण निविदेत पडद्याचे इंच मोजणे सोपे. पाचव्या वर्षी मजकूर कोण बदलणार, हा रकाना लिहायला कल्पनाशक्ती लागते.

एका बाबतीत ब्राउझरवाल्यांनाही दोष द्यावा लागेल. अक्षरे मोठी करणे आणि पडदावाचकाकडून मजकूर ऐकणे या सोयी वेबने अंध आणि अधू नजरेच्या वाचकांना केव्हाच दिल्या. किऑस्क करताना झूम बंद होते, कळफलक काढला जातो आणि पाठोपाठ या दोन्ही सोयी जातात. त्या परत आणायला मोठ्या अक्षरांचे एक बटण, हेडफोनची खोबण आणि बोटांनी चाचपता येतील अशा चार कळा पुरतात. चाकाच्या खुर्चीतून हात पोचेल इतक्या उंचीवर त्या बसवल्या म्हणजे झाले.