मुंगी, बेडूक आणि माणूस

आज 'अर्थ डिफेन्स फोर्स ६' हा २०२२ सालचा जपानी खेळ घेऊ. युद्धात जग मोडलंय, दहातला एक माणूस उरलाय; तरी आपण घराएवढ्या मुंग्यांवर रॉकेटं झाडतोय. मजा येते, आम्हालाही आली. का? तर मुंगी मारताना मन अडत नाही. पण याच मालिकेच्या पाचव्या भागात बेडकासारखे परग्रहवासी येतात, तेव्हा सैनिकच म्हणतात की हे तर हुबेहूब माणसासारखे! बंदूक मात्र थांबत नाही. आम्हाला हा नुसता विनोद वाटत नाही. खेळात आधी किडा येतो, मग माणसासारखा शत्रू. खऱ्या जगात उलटं असतं : आधी माणूस, मग त्याला किडा म्हणायचं, मग मारायचं. १९९४ साली रवांडात रेडिओवरून तुत्सींना झुरळं म्हटलं जात होतं. खेळ चांगलाच आहे. पण त्या बेडकांपाशी आपलं बोट क्षणभर अडलं, तरच तो आपल्याला कळला.