बलुतं, बजेट आणि मत

आमच्या माणसाच्या मतावर लिहायचं म्हटलं की आपल्या लेखकाच्या लेखणीतून आधी बाटली बाहेर येते. मग नोट. मग ट्रकमध्ये कोंबलेली माणसं, पुढाऱ्याचे पांढरे कपडे, आणि सकाळी शुद्धीवर येऊन कपाळ बडवणारा म्हातारा. कविता असेल तर शेवटी समाज विकला गेल्याचा टाहो. दहा हस्तलिखितं उघडा, आठांत हेच. पांढरपेशा लेखक हे लिहीत होता तेव्हा आपण त्याला शिव्या घातल्या. आता तेच आपण लिहितो आणि त्याला आत्मपरीक्षण म्हणतो.

मला हे लिखाण खोटं वाटतं. बाटली वाटली जात नाही असं मी म्हणत नाही. जाते, मी पाहिलीय. पण बाटलीपाशी गोष्ट संपते हे खोटं. ती बाटली आली कुठून, तिच्यावर सरकारनं किती घेतलं, घेतलेलं कुठं गेलं, हा प्रश्न लेखकाला पडतच नाही. मी नीतीचं बोलत नाही, कथेचं बोलतोय. ज्याच्या कनवटीचा हिशेब लेखकाला ठाऊक नाही ते पात्र अर्धंच उभं राहतं.

2024 सालचं घ्या. उन्हाळ्यात लोकसभा झाली. घटना बदलणार ही धास्ती वस्त्यावस्त्यांतून फिरली होती. महाविकास आघाडीला 48 पैकी 30 जागा मिळाल्या. आपले कवी म्हणाले, समाज जागा झाला. नोव्हेंबरात विधानसभा झाली, महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांनी 288 पैकी 230 नेल्या. तेच कवी म्हणाले, पंधराशे रुपड्यांत बाया विकल्या गेल्या. म्हणजे सहा महिन्यांत समाज जागा होऊन पुन्हा झोपला? निकालाला कारणं पुष्कळ असतात, सगळं एका योजनेवर ढकलणं मला पटत नाही. पण विकल्याच म्हणता तर बाजाराचा नियम तरी पाळा. लाडक्या बहिणीचे महिना 1500 निवडणुकीआधीच खात्यावर येऊ लागले होते. प्रचारात महायुतीनं 2100 कबूल केले, आघाडीनं 3000. विकणारा माल जास्त बोलीला देतो. इथं जास्त बोली लावणारा पडला. च्यायला, हा कसला लिलाव?

आमच्या गल्लीत धुणीभांडी करणारी एक मावशी आहे. मी तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, "आजवर जे आलं ते मालकाच्या हातात आलं. मालकानं त्याचं काय केलं ते तुला ठाव हाय. ह्ये माझ्या नावावर आलं. आन् उद्याचं तीन हजार कुनी बघितलं?" यात लाचारी कुठंय? हातातलं आणि हवेतलं यांचा फरक तिनं केला, घरात पैसा कुणाच्या हाती पडतो तेही सांगितलं. आपल्या कथेत या बाईला एक वाक्यसुद्धा नसतं. ती रांगेत उभी असते, पदर तोंडाला लावून.

दोष एकट्या कथाकाराचा नाही. आपली समीक्षाही तशीच. दया पवारांचं 'बलुतं' 1978 साली आलं. त्यावर काय कमी लिहिलं गेलं? अनुभवाची दाहकता, कबुलीची शैली, भाषेचा रांगडेपणा, श्लील-अश्लील, सगळं झालं. पण मी वाचलेल्या बहुतेक परीक्षणांनी नावाचा अर्थ एका ओळीत उरकलाय: गावकीच्या कामाबद्दल मिळणारं धान्य. संपलं! अहो, थांबा जरा तिथं. महार काम कुणाचं करायचा? सरकारचं. सारा भरायला रयतेला चावडीवर बोलवायचं, टपाल पोचवायचं, वसुलीच्या रकमेबरोबर तालुक्याला चालत जायचं, आलेल्या अंमलदाराची सरबराई करायची. राबायचं सरकारचं आणि मजुरी द्यायची गावानं, तीही खळ्यावर जाऊन हात पसरल्यावर, कुणब्याच्या मर्जीप्रमाणे. म्हणजे सरकारनं आपला कारभार चालवण्याचा खर्च वाचवला आणि तो सगळ्यात तळच्या माणसाच्या पाठीवर टाकला. मी याला कर म्हणतो. पावती नसलेला कर.

बाबासाहेबांनी हे असंच वाचलं होतं. 1928 साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्याला दुरुस्ती आणली. बलुत्याऐवजी रोख पट्टी बसवा, ती सरकारनं साऱ्याबरोबर वसूल करावी आणि महाराला त्यातून रोख मेहनताना मिळावा. ते बिल तडीस गेलं नाही. वतनं गेली ती पुढं 1958 च्या कायद्यानं. पण त्या माणसाची दृष्टी बघा. अपमान त्यांनाही ठाऊक होता, आपल्या कुठल्याही कवीपेक्षा जास्त. तरी त्यांनी तो जमाखर्चाच्या वहीत मांडून सरकारपुढं ठेवला. 1925 साली त्यांचं ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचं पुस्तक निघालं होतं. 1927 साली कायदेमंडळात बजेटावर बोलताना त्यांनी विचारलं होतं की जमीनधारक लहान असो मोठा असो, साऱ्याचा दर सारखाच, आणि प्राप्तिकराला मात्र ठरावीक मिळकतीखाली माफी, हा कुठला न्याय? आपल्या घरातल्या फोटोत कोट निळा असतो, हातात घटना असते. हा पट्टी-साऱ्याचा हिशेब मांडणारा बाबा आपल्या कवितेत आलाच नाही.

त्याच वर्षी ते शिक्षणाच्या खर्चावर बोलले. सरकार माणशी शिक्षणावर खर्च करतं 14 आणे आणि अबकारीतून माणशी वसूल करतं दोन रुपयांच्या वर. दारूतून जेवढं घेता तेवढं तरी शिक्षणावर घाला, एवढीच मागणी. आता आपल्या लेखकाची बाटली पुन्हा हातात घ्या. जून 2025 मध्ये राज्य सरकारनं दारूवरचं शुल्क वाढवलं, देशीवरचंसुद्धा. वर्षाला आणखी 14,000 कोटी मिळतील असा अंदाज होता. निवडणुकीच्या रात्री जो फुकट पितो तो उरलेलं वर्ष विकत पितो, आणि त्याच्या दर घोटाला तिजोरीचा वाटा असतो. मी दारूची वकिली करत नाही, तिनं उजाडलेली घरं माझ्या भिंतीला भिंत लागून आहेत. पण 'फुकट' हा शब्द लिहिताना लेखणी थोडी अडखळायला हवी, इतकंच.

'आमच्या टॅक्सच्या पैशावर' हे वाक्य तर तुम्ही बसमध्ये, ऑफिसात, कुठंही ऐकाल. बोलणाऱ्याला वाटतं, पगारातून कापला जातो तोच काय तो टॅक्स. जीएसटी 1 जुलै 2017 ला आला. मावशी अंगाला लावते त्या साबणावर, नातवाच्या बिस्किटावर सप्टेंबर 2025 पर्यंत 18 टक्के होते, मग 5 झाले. तिच्या फोनच्या रिचार्जवर त्या बदलातही 18 चे 18 राहिले. ती हे भरते तेव्हा कुणी तिला करदाती म्हणत नाही. 2019 साली कंपन्यांचा प्राप्तिकर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला, नव्या कारखान्यांना 15. त्यापायी वर्षाला 1 लाख 45 हजार कोटी सोडावे लागतील, हा खुद्द सरकारचा तेव्हाचा अंदाज. त्याचं नाव प्रोत्साहन. मावशीच्या पंधराशेचं नाव रेवडी. एकाच तिजोरीतनं गेलेल्या पैशाला दोन नावं कोण देतं, हा समीक्षेचा विषय नाही तर मग कुणाचा?

इथवर मी मावशीच्या बाजूनं भांडलो. आता दुसरी बाजू, आणि ती जास्त झोंबणारी आहे.

अनुसूचित जातींसाठी बजेटात वेगळी उपयोजना असते. कल्पना 1979-80 पासूनची: लोकसंख्येच्या प्रमाणात विकासाचा पैसा बाजूला काढायचा आणि तो याच समाजावर खर्चायचा. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात हे प्रमाण 11.8 टक्के आहे. मे 2025 मध्ये लाडक्या बहिणीच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय खात्यातून 410 कोटी 30 लाख आणि आदिवासी विकास खात्यातून 335 कोटी 70 लाख वळवले गेले. सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यांनीच त्यावर जाहीर नाराजी दाखवली. समर्थन असं की पैसे याच समाजांतल्या लाभार्थी बायांना जाणार. वा! म्हणजे इतर जातींच्या बहिणीला भाऊ आपल्या खिशातून ओवाळणी घालतो, आणि आमच्या बहिणीला तिच्याच पोराच्या वसतिगृहाच्या, स्कॉलरशिपच्या खात्यातून. ओवाळणी तीच, पंधराशे. फक्त पाकीट तिचंच.

आणि हे एका पक्षाचं पाप आहे असं समजून कुणी टाळ्या पिटू नयेत. कर्नाटकात काँग्रेसचं राज्य. तिथं उपयोजनेचा 2013 चा कायदासुद्धा आहे, आपल्याकडं नाही तो. तरी 2023-24 मध्ये तिथल्या गॅरंटी योजनांसाठी उपयोजनेतले 11,000 कोटींच्या वर धरले गेले. मतासाठी वचन द्यायचं सगळ्यांना आणि पैसे काढायचे आमच्या डब्यातून, यात दोघांचं एकमत आहे.

मग आमचा माणूस पक्ष धरतो तरी कशावर? वस्तीत पक्ष म्हणजे जाहीरनामा नव्हे. रात्री दोन वाजता पोरगा उचलून नेला की ठाण्यात येऊन उभा राहणारा माणूस, तो पक्ष. जातीचा दाखला अडला की तहसिलीत ओळख काढणारा, तो पक्ष. निळा झेंडा तर रक्तातच आहे; 1957 साली रिपब्लिकन पक्ष झाला, त्याचे तुकडे किती झाले याची मोजदाद नको, पण झेंड्यावरची माया आटली नाही. या गोष्टी खऱ्या आहेत आणि मी त्यांना हसणार नाही. ठाण्यात येणारा माणूस ज्याला लागला नाही त्यानंच हसावं. माझी तक्रार एवढीच की तो माणूस मार्चमध्ये, बजेट मांडलं जातं त्या दिवशी कुठं असतो? 410 कोटी गेले तेव्हा तो कुठं होता? ठाण्याची वाट त्याला पाठ आहे. बजेटाची पुस्तकं कुणी त्याच्यापुढं उघडून ठेवलेली नाहीत, आणि ज्यांना ती वाचता येतात ते आमचे शिकलेले भाऊ चैत्यभूमीला येतात, बुक स्टॉलवर कवितासंग्रह घेतात आणि परत जातात.

मे 2025 च्या त्या निर्णयावर आपल्या वर्तुळातली एकही कविता अजून माझ्या वाचनात आलेली नाही, कथा तर लांबच. मी हे एका कविमित्राजवळ बोललो तर तो म्हणाला, बाबा रे, चारशे दहा कोटी तीस लाख हे कवितेत बसत नाही. 'बलुतं' हे पुस्तकाचं नाव होऊ शकतं, हे तरी 1978 च्या आधी त्याला वाटलं असतं का, ते मी त्याला विचारलंय. उत्तर यायचंय.