बास्केटबॉल : जागा आणि श्रम

बास्केटबॉलच्या संघातील पाच खेळाडूंच्या जागा ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात. चेंडू पुढे आणून डाव रचणारे गार्ड, बाजूने आत घुसणारे फॉरवर्ड आणि बास्केटजवळ खेळणारा उंच सेंटर. या तिघांना सारखेच श्रम पडतात का? 2007 साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये बेन अब्देलकरीम व सहकाऱ्यांनी या प्रश्नावर एक शोधनिबंध लिहिला. ट्युनिशियातील 19 वर्षांखालील 38 निवडक खेळाडूंच्या सामन्यांतील हालचालींचे त्यांनी वर्ग पाडले, हृदयाचे ठोके आणि रक्तातील लॅक्टेट मोजले.

निबंधाचा पहिला भाग आम्हांला फार मोलाचा वाटतो. एका सामन्यात खेळाडूने सरासरी 1050 वेगवेगळ्या हालचाली केल्या. म्हणजे दर दोन-सव्वादोन सेकंदांना चाल बदलली! हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी 171. मैदानाला संथ फेऱ्या मारायला लावून 'दम' वाढवू पाहणाऱ्या शिक्षकांनी एवढे दोन आकडे पाहिले तरी पुरे.

अडचण येते ती जागांच्या तुलनेत. घड्याळ चालू असतानाच्या वेळापैकी तीव्र हालचालींचा वाटा गार्डमध्ये 17.1 टक्के, फॉरवर्डमध्ये 16.6 टक्के आणि सेंटरमध्ये 14.7 टक्के निघाला. सेंटरचा आकडा इतर दोघांहून कमी आहे आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फरक टिकतो, याबद्दल आमची तक्रार नाही. पण फरक केवढा? खेळाडू पूर्ण 40 मिनिटे मैदानात आहे असे धरले, तर गार्डची सुमारे 410 सेकंद तीव्र हालचालीत जातात आणि सेंटरची सुमारे 353. अंतर एका मिनिटाहूनही कमी! एवढ्या आधारावर सेंटरला धावण्याच्या सरावातून सूट द्यावी, असे आम्हांला वाटत नाही.

शिवाय हालचाल मोजणारी पद्धत न हललेल्या खेळाडूचे श्रम कसे मोजणार? बास्केटजवळ जागा धरण्यासाठी सेंटर प्रतिस्पर्ध्याला पाठीने रेटत असतो. दोघेही जागचे हलत नाहीत. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकाप्रमाणे विस्थापन शून्य, म्हणून कार्य शून्य. स्नायूंना मात्र हे गणित मान्य नसते. आकुंचन टिकवण्यासाठी ते ऊर्जा खर्च करतच राहतात. (नववी-दहावीच्या वर्गात 'कार्य' शिकवताना भिंत रेटण्याऐवजी हे उदाहरण घ्यावे.) सेंटरचा आकडा कमी दिसण्यात या पद्धतीचाही काही वाटा असावा, असा आमचा तर्क आहे.

सर्वांत मोठी चूक निबंधाची नाही, तो शाळेत वापरणाऱ्यांची आहे. अभ्यासातील मुले अठरा-एकोणीसच्या आसपासची, निवडलेली, बहुतांशी वाढ पूर्ण झालेली. आपल्या संघातील मुले तेरा-चौदाची. मुलग्यांमध्ये उंचीच्या वाढीचा वेग सरासरीने चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक असतो, मुलींमध्ये बाराव्या. आणि एकेका मुलात तो दीड-दोन वर्षे आधी किंवा नंतर येऊ शकतो. एकाच बाकावरच्या दोघांच्या उंचीत वीतभर फरक असतो तो पुष्कळदा यामुळेच. वर्गातला सर्वांत उंच मुलगा बास्केटखाली उभा केला जातो, चेंडू टप्पे देत नेण्याचे काम बुटक्यांकडे जाते. चार वर्षांनी बुटके त्याला गाठतात. त्या वेळी सेंटर होण्याइतकी उंची त्याच्याकडे उरलेली नसते आणि गार्डचे कसब त्याला कोणी शिकवलेले नसते.

हे मोजमाप शाळेत करून पाहता येईल. सामन्याच्या वेळी एकेका विद्यार्थ्याला एकेक खेळाडू वाटून द्यावा आणि दहा मिनिटांत चाल किती वेळा बदलली याच्या रेघा मारायला सांगावे. रेटारेटीसाठी वेगळा रकाना ठेवावा. पुढच्या सामन्यात त्याच मुलांच्या जागा बदलून पुन्हा मोजावे. आकडा मुलाबरोबर जातो की जागेबरोबर राहतो, हे त्यांच्याच वहीत दिसेल.