‘समावेशित शिक्षण’ : संज्ञा आणि जमाखर्च

शासकीय मराठीत रूढ झालेल्या ‘समावेशित शिक्षण’ या संज्ञेची चिकित्सा केवळ शब्दशुद्धीच्या आग्रहापोटी करावयाची, तर ती वांझ ठरेल. परंतु या संज्ञेच्या घडणीत जो अर्थ दडला आहे, तोच शिक्षणाच्या जमाखर्चातही उतरला आहे. म्हणून तिचा विचार अगत्याचा होय.

‘समाविष्ट’ म्हणजे आत आलेला. ‘समावेशित’ हे प्रयोजक धातूवरून सिद्ध झालेले कर्मणी रूप, म्हणून त्याचा अर्थ आत आणलेला. वस्तुतः आत आणले जाते ते मूल. विशेषण मात्र शिक्षणाला जोडलेले. आत आणणाऱ्याने स्वतःत कोणता पालट करावा, हे या शब्दातून सूचित होत नाही. १९७४ साली केंद्राने सुरू केलेल्या योजनेतील ‘एकात्मिक शिक्षणा’चीही हीच मर्यादा होती : सामान्य शाळेशी जुळवून घेण्याचा भार मुख्यतः मुलावर होता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ती ओलांडली. त्यातील व्याख्येला दोन अंगे आहेत : दिव्यांग व इतर विद्यार्थ्यांनी एकत्र शिकणे, आणि अध्ययन-अध्यापनाची पद्धती दिव्यांग विद्यार्थ्यांच्या निरनिराळ्या गरजांना अनुरूप करून घेणे. दुसऱ्या अंगात कर्तृत्व शाळेकडे येते. त्या अर्थाला ‘समावेशक’ हे कर्तृवाचक रूपच न्याय देते.

हिशेबाची दृष्टी मात्र पहिल्याच अंगावर थांबते. समग्र शिक्षा योजनेत २०१८ पासून विशेष गरजा असणाऱ्या मुलांसाठी प्रतिविद्यार्थी वार्षिक ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद ठेवण्यात आली. पटावरील संख्या आणि उपयोगिता प्रमाणपत्र जुळले, की खर्च नियमित ठरतो. ब्रेल पुस्तक सत्रारंभी पोहोचले की सत्राअखेरीस, श्रवणयंत्र कानाला आहे की पेटीत, हे त्या प्रमाणपत्रावरून कळत नाही.

शिक्षकांच्या बाबतीत मापेच भिन्न आहेत. केंद्राने २०२२ मध्ये प्राथमिक स्तरावर अशा १० मुलांमागे, तर उच्च प्राथमिक स्तरावर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरविले. राज्याने २०२४ मध्ये प्रत्येक शालेय केंद्रामागे एक याप्रमाणे ४,८६० पदे मंजूर केली. पदनिर्मिती स्वागतार्हच, पण एक माप मुलाचे, दुसरे क्षेत्राचे. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ यांसारख्या डोंगरी तालुक्यांत शाळा पाड्यापाड्यांवर विखुरलेल्या असल्याने हा भेद अधिकच जाचक ठरतो. तेथील अनेक मुलांची घरची बोली कुकणा आहे. प्रमाण मराठीपुढे गप्प राहणारे मूल ‘मंद’ समजले जाण्याचा, आणि ऐकू न येणाऱ्या मुलाचे मौन बोलीच्या अडचणीत जमा होण्याचा, असा दुहेरी धोका तेथे संभवतो. तो ओळखण्यास बोली जाणणारा तज्ज्ञ आणि पुरेसा वेळ लागतो. पटसंख्येवर आधारलेल्या हिशेबात दोहोंचे प्रतिबिंब पडत नाही.

लेखापरीक्षकाने अध्यापनाचा दर्जा तपासावा ही अपेक्षा अवाजवी आहे, हा आक्षेप मान्य करावा लागेल. परंतु २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने अनुदानाच्या विनियोगावर देखरेख करण्याचे काम शाळा व्यवस्थापन समितीकडे सोपविले आहे, आणि तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. साधन केव्हा मिळाले, ते वापरात आहे काय, विशेष शिक्षक किती वेळा आले, एवढ्या तीन प्रश्नांवरील समितीचा अभिप्राय जिल्हा परिषदेने प्रमाणपत्राबरोबर मागविला, तरी व्याख्येचे दुसरे अंग हिशेबात येऊ शकेल. तोवर ‘समावेशित’ हाच शब्द वस्तुस्थितीचे प्रामाणिक वर्णन करीत राहील. आणि ही उणीव शब्दाची नव्हे, व्यवहाराची होय.