जनरेटिव्ह कृत्रिम बुद्धिमत्ता आणि व्यक्तिसापेक्ष संगीतशिक्षण : चकलांबा परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

प्रत्येक विद्यार्थ्याची कुवत, गती आणि आवड वेगळी असते. म्हणून सर्व वर्गाला एकच पाठ देण्याऐवजी ज्याला जे आवश्यक ते त्याला मिळावे, असा ‘व्यक्तिसापेक्ष अध्यापन’ या संज्ञेचा आशय आहे. नोव्हेंबर 2022मध्ये ‘चॅटजीपीटी’ लोकांसमोर आले. जानेवारी 2023मध्ये गुगलने ‘म्युझिकएलएम’ आणि त्याच वर्षी जूनमध्ये मेटाने ‘म्युझिकजेन’ ही संगीत रचणारी प्रारूपे जाहीर केली. मागणीबरहुकूम नवा मजकूर किंवा नवे संगीत तयार करणाऱ्या या तंत्राला जनरेटिव्ह कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. तिच्या साहाय्याने प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र संगीतशिक्षक मिळेल, असा दावा आता केला जात आहे.

प्रस्तुत लेखात या दाव्याची चिकित्सा बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील चकलांबा या गावाच्या व त्याच्या परिसराच्या संदर्भात केली आहे. हा संदर्भ निवडण्यामागे कारण आहे. पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्याला गुरू, वर्ग आणि यंत्र यांतून निवड करता येते. शास्त्रीय संगीत शिकू पाहणाऱ्या खेड्यातील विद्यार्थ्यापुढे मात्र पुष्कळदा ‘यंत्र की काहीच नाही’ एवढाच प्रश्न उरतो. त्यामुळे या दाव्याची खरी कसोटी खेड्यातच लागते.

गुरूकडून अभ्यासक्रमाकडे :

व्यक्तिसापेक्ष अध्यापन हा संगणकाचा शोध नव्हे. उस्ताद अल्लादिया खाँ (1855–1946) यांच्या तालमीत केसरबाई केरकर (1892–1977) आणि मोगूबाई कुर्डीकर (1904–2001) या दोघी घडल्या. गुरू एक, घराणे एक. तरीही केसरबाईंचे गाणे त्यांच्या भारदस्त, खुल्या आवाजाने ओळखले गेले, तर मोगूबाईंचे लयीवरील प्रभुत्वाने. खुद्द खाँसाहेबांचा आवाज ऐन उमेदीत बिघडला होता आणि बदललेल्या आवाजाला साजेल अशी गायकी त्यांनी नव्याने बांधली होती. गळा पाहून गाणे ठरवायचे असते, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते.

या परंपरेचे गुणगान करताना तिची मर्यादा विसरता येत नाही. ही विद्या मोजक्यांनाच मिळत असे. गुरूची मर्जी, दीर्घ सेवा, जात, लिंग आणि आर्थिक स्थिती यांच्या भिंती ओलांडल्याखेरीज तिच्यापर्यंत पोचणे अवघड होते. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, ते या भिंती पाडण्यासाठी. पं. विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी घराण्यांत जपून ठेवलेल्या बंदिशी मिळवल्या, त्यांचे स्वरलेखन केले आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांतून त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. 1931मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा पुढे महाराष्ट्रातील लहान गावांपर्यंत पोचल्या.

या चळवळीने विद्या लोकांपर्यंत नेली, हे तिचे ऋण मोठे आहे. परंतु त्याची किंमतही द्यावी लागली. ‘प्रारंभिक’पासून ‘अलंकार’पर्यंत राग ठरले, तालांची यादी ठरली, गुणही ठरले, आणि विद्यार्थ्याचा गळा अभ्यासक्रमाबाहेर राहिला. व्यक्तिसापेक्षता सोडल्याशिवाय प्रसार साधत नाही, असे विसाव्या शतकाने जणू गृहीत धरले. जनरेटिव्ह कृत्रिम बुद्धिमत्तेचा दावा या गृहीतालाच आव्हान देतो. प्रसार आणि व्यक्तिसापेक्षता दोन्ही एकाच वेळी देऊ, असे तो सांगतो. म्हणूनच तो गांभीर्याने तपासला पाहिजे.

यंत्राला काय ऐकू येते :

संगणकाला भारतीय संगीत ‘ऐकायला’ शिकवण्याचे काम या लाटेच्या आधी सुरू झाले. बार्सिलोना येथील पोंपेउ फाब्रा विद्यापीठाचा ‘कॉम्पम्युझिक’ हा प्रकल्प 2011मध्ये सुरू झाला आणि त्यात भारतीय संशोधकांचाही सहभाग होता. गाणाऱ्याचा स्वर टिपून तो अपेक्षित स्वराच्या वर आहे की खाली, हे त्याच क्षणी पडद्यावर दाखवणारी मोबाइल ॲप्स आज उपलब्ध आहेत. ‘रियाज’ हे त्यांतील परिचित नाव. सुराची प्राथमिक ओळख होण्यासाठी अशा साधनांचा उपयोग आहे, यात शंका नाही.

मात्र स्वर बरोबर येणे आणि राग येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. भूप आणि देसकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर लागतात. भूप पूर्वांगप्रधान असून त्याचा वादी गांधार आहे. देसकार उत्तरांगप्रधान असून त्याचा वादी धैवत आहे. भूप गाता गाता एखादा विद्यार्थी धैवतावर रेंगाळला आणि देसकारात शिरला, तर केवळ स्वर मोजणारे यंत्र त्याला पूर्ण गुण देईल. समोर बसलेला शिक्षक मात्र तिथेच हात वर करून थांबवील. दरबारी कानड्याच्या आंदोलित कोमल गांधाराचेही तसेच आहे. तो स्वर एका बिंदूवर स्थिर नसतो. त्याचे हलणे हेच त्याचे स्वरूप. त्याला बिंदूच्या मापाने मोजल्यास बरोबर गाणाराच चुकीचा ठरेल.

संशोधकांना ही अडचण ज्ञात आहे. 2024मध्ये मांडल्या गेलेल्या ‘गमधनी’ या प्रारूपात हिंदुस्थानी गायनाची निर्मिती सुट्या स्वरांऐवजी स्वराच्या सलग वळणांवरून केलेली आहे. मींड हा आपल्या संगीताचा प्राण आहे, हे संगणकशास्त्राने अशा रीतीने मान्य केले. तरीही मींडेचा आकार काढता येणे म्हणजे ती अमुक विद्यार्थ्याला आज शिकवावी की सहा महिन्यांनी, हे कळणे नव्हे. शिक्षणातील निर्णय या दुसऱ्या प्रश्नाशी निगडित असतो.

‘व्यक्तिसापेक्ष’ या शब्दाच्या दोन अर्थांची येथे सरमिसळ झालेली दिसते. विद्यार्थ्याची वेळ, गती, पट्टी आणि उजळणी यांनुसार पाठ बदलणे, हा पहिला अर्थ. विद्यार्थ्याचा गळा, स्वभाव आणि कल ओळखून काय शिकवावे व काय शिकवू नये हे ठरवणे, हा दुसरा. पहिला अर्थ यंत्राच्या आवाक्यात आहे. प्रचार मात्र दुसऱ्या अर्थाचा केला जातो.

प्रशिक्षणाची सामग्री कोणाची :

जनरेटिव्ह प्रारूप जे ऐकून शिकते, तसेच गाते. ‘म्युझिकजेन’ला सुमारे 20,000 तासांचे संगीत देण्यात आले होते. त्याला दिलेली वर्णने इंग्रजीत होती आणि सर्व संगीतशैली व संस्कृतींबाबत ते सारखेच काम करीत नाही, असे त्याच्या निर्मात्यांनीच नोंदवले आहे. अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायेद कृत्रिम बुद्धिमत्ता विद्यापीठातील संशोधकांनी 2025मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार उपलब्ध संगीतसंचांच्या एकूण तासांपैकी अवघे 5.7 टक्के तास पाश्चात्येतर संगीताचे आहेत. या अल्प वाट्यात हिंदुस्थानी संगीत किती, त्यात मराठी किती आणि त्यात वारकरी चाली किती, याचा अंदाज वाचकास सहज करता येईल. व्यक्तीला अनुरूप म्हणून दिलेला पाठ अशा प्रारूपाकडून येतो, तेव्हा तो प्रत्यक्षात दूरच्या सरासरीला अनुरूप असतो.

त्यावर उपाय म्हणून स्थानिक संगीताचे ध्वनिमुद्रण करून ते यंत्राला पुरवावे, असे सुचवले जाते. बीड जिल्ह्यात अशा ध्वनिमुद्रणाचे एक आदर्श उदाहरण आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या. त्या संग्रहात 1996मध्ये माजलगाव येथे ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्यांचाही समावेश आहे. गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव ओवीबरोबर नोंदवणे, ही या संग्रहाची मोठी शिस्त. प्रारूपाच्या पोटात गेलेल्या आवाजाला असे नाव उरत नाही. जुलै 2024मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंह यांच्या आवाजाची कृत्रिम नक्कल करण्यास मनाई करणारा अंतरिम आदेश दिला. प्रसिद्ध गायकाला न्यायालयाचे दार ठोठावता येते. सप्ताहात गाणाऱ्या गायनाचार्याला किंवा जात्यावर गाणाऱ्या बाईला ते तितके सोपे नाही. त्यामुळे संमती आणि नामोल्लेख यांचा प्रश्न शिक्षणाच्या नावाखाली बाजूला सारता येणार नाही.

चकलांबा परिसर : गरज आणि उपयोग :

गोदाकाठच्या या पट्ट्यात संगीताचे शिक्षण मुख्यतः वारकरी परंपरेतून होत आले आहे. काकडा, हरिपाठ, भजन आणि कीर्तन ही त्याची शाळा. मूल आधी टाळ धरून मागे उभे राहते, मग ध्रुवपदात आवाज मिसळते. पुढे कोणी मृदंगाकडे वळतो, कोणी पेटीवर बसतो, एखादा चाल धरू लागतो. कोणाला कोठे उभे करायचे हे जाणते टाळकरी आणि गायनाचार्य ठरवतात. लेखी अभ्यासक्रम नसलेली ही पद्धत व्यक्तिसापेक्षच आहे. मात्र येथे विद्यार्थी दहा जणांच्या आवाजात स्वतःचा आवाज शोधतो. ॲपमध्ये तो कानांत हेडफोन घालून एकटा असतो.

यंत्र म्हणून यंत्राला विरोध करण्याचेही कारण नाही. गावोगावी पोचलेली पेटी हेही परदेशातून आलेले यंत्रच. तिच्या पट्ट्यांवर श्रुती आणि मींड निघत नाहीत, या आक्षेपावरून आकाशवाणीने 1940मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती 1971मध्ये अंशतः उठवली. तरी भजनी मंडळांनी पेटी सोडली नाही. गळा कोठे पेटीबरोबर न्यायचा आणि कोठे तिच्या पुढे, हे ऐकून ऐकून त्यांनी ठरवले. साधन घरात आले तरी कान आपलाच ठेवावा, हा त्यातील बोध आजच्या चर्चेला उपयुक्त आहे.

या परिसराची एक निकड मात्र वर्ग आणि परीक्षा यांच्या चौकटीत बसत नाही. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा आहे. दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या उसाच्या फडांवर जातात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलाचे भजन, पेटी आणि शाळा ही तिन्ही मध्येच तुटतात. परत आल्यावर वर्ग पुढे गेलेला असतो. त्या मुलाला जेथे पाठ थांबला तेथूनच पुढे नेणारे, रात्री कोपीवर अर्धा तास सूर लावू देणारे साधन उपयुक्त ठरेल. आवाज फुटण्याच्या वयातील मुलाला काळी चारवरून काळी एकवर उतरवून त्याच्या आवाक्यातले नवे पलटे रचून देणे, हव्या त्या पट्टीत तानपुरा आणि हव्या त्या लयीत ठेका पुरवणे, ही कामे यंत्र न कंटाळता करू शकते. सराव करून घेणारा जोडीदार म्हणून त्याचे मोल निर्विवाद आहे.

धोका पुढच्या पायरीवर आहे. ‘आता ॲप आहे, शिक्षक कशाला?’ हा प्रश्न शहरात विचारला जाईल, पण त्याचे परिणाम खेड्यात भोगावे लागतील. शहरातील मूल ॲप वापरून पुन्हा गुरूकडे जाईल. फडावरच्या मुलाला मात्र ॲप हाच गुरू मानावा लागेल. ज्या व्यक्तीकडे कोणी व्यक्ती म्हणून पाहिलेच नाही, तिला यंत्राकरवी व्यक्तिसापेक्ष शिक्षण दिल्याचे समाधान व्यवस्थेने मिळवणे, ही या दाव्यातील सर्वांत मोठी विसंगती ठरेल.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, जनरेटिव्ह कृत्रिम बुद्धिमत्ता संगीतशिक्षणात वेळ, गती, पट्टी आणि उजळणी यांपुरती व्यक्तिसापेक्षता आणू शकते. रागाचे भान आणि गळ्याची पारख यांबाबतचा तिचा दावा आज तरी मान्य करता येत नाही. चकलांब्यासारख्या गावी तिचा स्वीकार करताना तीन गोष्टी पाहाव्या लागतील. मराठी मुलाला ‘चाल’, ‘पट्टी’, ‘पलटा’ या स्वतःच्या शब्दांत तिच्याशी बोलता येते का? तिला पुरवलेल्या स्थानिक आवाजांची संमती आणि नावे नोंदवलेली आहेत का? आणि आठवड्यातून एकदा का होईना, त्या मुलाचे गाणे समोर बसून ऐकणारा जाणता माणूस आहे का? यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर पहिल्या दोहोंच्या होकारालाही फारसा अर्थ उरत नाही. पलुस्कर–भातखंडे यांनी विद्येची दारे उघडली. त्या दारातून आत आलेल्या प्रत्येकाचा गळा ऐकून घेण्याचे काम राहून गेले. यंत्राने सरावाचे ओझे उचलले आणि त्यातून शिक्षकाला ऐकण्यासाठी वेळ मिळाला, तरच ते काम पुढे सरकेल.