ऑनलाईन प्रशिक्षणातील निवेदन आणि पडद्यावरील मजकूर : ‘स्पोकन ट्युटोरियल’च्या मराठी पाठांची चिकित्सा

ऑनलाईन प्रशिक्षणात निवेदन आणि पडद्यावरील लिखित मजकूर एकाच वेळी द्यावा काय, हा प्रश्न शैक्षणिक तंत्रज्ञानात बराच चर्चिला गेला आहे. प्रस्तुत लेखात आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील मराठी पाठांच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

रिचर्ड मायर, ज्युली हायझर आणि स्टीव्ह लॉन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना वीज कशी चमकते याची सचेत चित्रफीत निवेदनासह दाखविण्यात आली. ज्यांना निवेदनाचेच शब्द पडद्यावरही दिले, त्यांचे आकलन इतरांपेक्षा कमी भरले. डोळ्यांना चित्र आणि अक्षरे दोन्ही सांभाळावी लागतात, शिवाय ऐकलेले व वाचलेले जुळवून पाहण्यात शक्ती खर्च होते, अशी त्याची मीमांसा आहे. यालाच पुनरुक्तीचे तत्त्व म्हणतात. चित्रासोबत पडद्यावरील परिच्छेदही शब्दशः वाचून दाखविणाऱ्या प्रशिक्षण-चित्रफितींना (आणि तशाच व्याख्यानांनाही) ते लागू पडते.

परंतु ते विद्यार्थी अमेरिकन होते. ऐकण्याची व वाचण्याची भाषा एकच, इंग्रजी होती. ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये स्थिती निराळी आहे. प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात सुमारे दहा मिनिटांच्या पाठाचे निवेदन भारतीय भाषांत केले जाते, पडदा मात्र इंग्रजीच ठेवला जातो. वाशीम जिल्ह्यातील मेडशीसारख्या गावचा विद्यार्थी घरी वऱ्हाडी बोलतो, पाठात प्रमाण मराठी ऐकतो आणि समोर इंग्रजी पाहतो. येथे पुनरुक्ती आहे, असे म्हणता येईल काय?

प्रात्यक्षिकाच्या भागात ती नाही. लिनक्सची आज्ञा किंवा लिब्रेऑफिसमधील मेनूचे नाव जसेच्या तसे टंकावे वा शोधावे लागते. ते अक्षररूपात दिसणे अपरिहार्य आहे. त्याने काय साधते हे मराठी निवेदन सांगते. दोन माध्यमांत कामाची वाटणी झालेली असल्याने एक दुसऱ्याला अडवीत नाही. पुढे नोकरीच्या ठिकाणी विद्यार्थ्याला हाच इंग्रजी पडदा वापरावा लागणार, हेही लक्षात घ्यावे लागते. प्रकल्पाचे खरे यश या भागात आहे.

पाठाच्या आरंभीच्या आणि अखेरच्या स्लाईडचे मात्र तसे नाही. तेथे उद्दिष्टे व सारांश इंग्रजीत लिहिलेले असतात आणि निवेदक तोच आशय मराठीत सांगतो. इंग्रजी वाक्यात क्रियापद आधी, मराठीत शेवटी. त्यामुळे कानावर कर्म पडत असताना डोळा क्रियापदावर असतो. मराठी निवेदनाला मूळ चित्रफितीच्या गतीशीही जुळवून घ्यावे लागते. ज्याला इंग्रजी येते त्याच्यासाठी ही पुनरुक्ती ठरते. ज्याला येत नाही त्याच्यासाठी तो मजकूर केवळ डोळ्यांना अडकवून ठेवणारा असतो. भाषांतर करताना आवाज बदलला की पाठ मराठी झाला, हे गृहीतक या ठिकाणी उघडे पडते.

मग निवेदनाचा प्रत्येक शब्द देवनागरीत पडद्यावर आणावा काय? तोही उपाय नव्हे. त्याने मायर यांचा आक्षेप पुन्हा ओढवेल. मायर आणि चेरिल जॉन्सन यांच्या २००८ मधील अभ्यासात चित्रातील संबंधित भागाजवळ दिलेले दोन-तीन शब्द मात्र उपकारक ठरले. त्या धर्तीवर स्लाईडवरील इंग्रजी वाक्ये काढून मोजक्या मराठी संज्ञा, त्यांच्याशेजारी इंग्रजी पर्याय, एवढेच ठेवता येईल.

आणखी एक अडचण साधनाची आहे. चित्रफीत आणि सॉफ्टवेअर पडद्यावर शेजारी शेजारी उघडून निवेदकाबरोबर कृती करीत जावे, अशी या प्रकल्पाची पद्धती आहे. मोबाईलच्या पडद्यावर दोन खिडक्या मावत नाहीत, मेनूची अक्षरे वाचवत नाहीत. कृतीही सुटते आणि मजकूरही. अशा वेळी सारा भार निवेदनावर येतो. आणि ‘येथे क्लिक करा’ या वाक्यातील ‘येथे’ म्हणजे कोठे, हे दिसल्यावाचून कळत नाही.