क्रीडा, प्रमाद आणि अंकीय वाद्य

‘वाद्य’ हा शब्द ‘वद्’ धातूच्या प्रयोजक रूपापासून सिद्ध झाला आहे. ज्याला बोलते करावे लागते, ते वाद्य. इंग्रजी व जर्मन या भाषांत खेळणे आणि वाद्य वाजविणे या दोहोंना एकच क्रियापद चालते. मराठीने मात्र या क्रिया वेगळ्या राखल्या. मराठीत सतार वाजविली जाते, खेळली जात नाही. उलट, कसलेला गवई ‘सुरांशी खेळतो’ असे म्हणतात. म्हणजे या प्रयोगात क्रीडा प्रभुत्वानंतर येते. अंकीय वाद्यांच्या रचनाकारांनी हा क्रम उलटविला आहे. त्यांच्या मते क्रीडा आधी, प्रभुत्व नंतर. हा उलटलेला क्रम कितपत टिकतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

डेव्हिड वेसेल व मॅथ्यू राइट यांनी २००१ साली या क्षेत्रापुढे एक दुहेरी कसोटी ठेवली. संगणकीय वाद्याचा आरंभ सुलभ असावा, परंतु त्या सुलभतेने पुढील विकासाची वाट अडवू नये. यांतील पूर्वार्ध बहुतेकांनी उचलला. उत्तरार्धाकडे तितके लक्ष गेले नाही.

तोशिओ इवाई व यामाहा यांचे ‘तेनोरी-ऑन’ हे वाद्य २००७ साली विक्रीस आले. सोळा गुणिले सोळा, अशा २५६ प्रकाशमान कळांची ही चौकट. तिच्या मूळ वादनपद्धतीत आडव्या दिशेने काल व उभ्या दिशेने स्वर मोजला जातो. कळ दाबून धरली की दिवा लागतो आणि आवर्तनागणिक तो स्वर पुन्हा उमटतो. काल डोळ्यांना दिसावा, ही इवाई यांची कल्पना खरोखर सुंदर आहे. तथापि स्वरपंक्ती एकदा निवडली की तिच्याबाहेरचा स्वर बोटाला सापडत नाही. दोन ओळींमध्ये स्वरस्थान नाही. म्हणून काहीही दाबले तरी ते बरेच वाटते. आणि जे सदैव बरे वाटते, त्यातून शिकणाऱ्याला काय उमजावे?

भाषाशिक्षणाचा दाखला येथे उपयोगी पडतो. मराठी मूल ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणते. हा प्रमाद अज्ञानाचा नव्हे; मुलाला नियम सापडल्याचा तो पुरावा आहे. ज्या भाषेत चुकीचे वाक्य उच्चारताच येत नाही, तिचे व्याकरण कोणालाही शोधून काढावे लागणार नाही. शोधाला प्रतिकार लागतो.

या दृष्टीने बार्सेलोना येथील पोंपेउ फाब्रा विद्यापीठातील सेर्जी जोर्दा व त्यांच्या सहकाऱ्यांचे ‘रिअ‍ॅक्टेबल’ अधिक विचारार्ह ठरते. गोल, अर्धपारदर्शक मेजावर ठोकळे ठेवावयाचे. खालचा कॅमेरा त्यांवरील खुणा वाचतो. कोणी ठोकळा ध्वनी उत्पन्न करतो, कोणी तो गाळतो. जवळ येताच त्यांचा संबंध जुळतो, दूर सरकताच तुटतो. ध्वनी देणारा ठोकळा फिरविला की स्वर अखंड सरकतो, अर्थात बेसूरही होतो. विशेष असे की स्वरांना पंक्तीत बसविणारे साधनही या रचनेत स्वतंत्र ठोकळ्याच्या रूपाने कल्पिलेले आहे. ते ठेवावे, उचलावे, आणि काय बदलले ते ऐकावे. नियम येथे चौकटीत गाडलेला नाही; तो मेजावर, हाताशी आहे. ब्यॉर्क या गायिकेच्या २००७ च्या दौऱ्यात हे वाद्य व्यावसायिक रंगमंचावर आले, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की बेसूर निघण्याच्या भयाने नवशिका पळून जाईल. आक्षेप खरा आहे. परंतु भय चुकीचे नसते, चुकीच्या शिक्षेचे असते. रिअ‍ॅक्टेबलवरील चूक ठोकळा उचलताच विरते. चूक अशक्य करणे आणि चूक स्वस्त करणे, यांत मूलगामी भेद आहे. पहिल्याने करमणूक साधते; दुसऱ्याने कान घडतो. सर्वांना संगीत देण्याची प्रतिज्ञा करणाऱ्या रचनाकाराने चुकण्याचा अधिकारच काढून घेतला, तर त्याने दिलेले संगीत त्याचेच राहते, वाजविणाऱ्याचे होत नाही.